कूस आणि कायदा : व्हर्जिनियात ‘वंश’ कसा घडवला गेला

१/२५
१६६२ च्या डिसेंबरात व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीच्या विधिमंडळाने अनेक कायदे संमत केले. त्यांतले दोन स्त्रियांच्या गर्भारपणाविषयी होते. एक करारबद्ध इंग्रज मोलकरणींसाठी, दुसरा आफ्रिकी स्त्रियांसाठी. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता : धन्याच्या हाताखालच्या बाईला दिवस गेले, तर त्याचा लाभ कोणाला मिळावा? उत्तरे मात्र परस्परविरुद्ध निघाली. अमेरिकेत ‘गोरा’ आणि ‘काळा’ हे शब्द कातडीच्या वर्णनापुरते न राहता माणसांची जन्मजात प्रतवारी कसे झाले, याचा बराचसा उलगडा या दोन उत्तरांमधल्या अंतरात आहे.

२/२५
वंशद्वेष आधी होता आणि त्यातून गुलामगिरी आली, अशी सर्वसाधारण समजूत असते. कागदपत्रे पाहिली की हा क्रम इतका सरळ राहत नाही. १६१९ साली पॉइंट कम्फर्टच्या किनाऱ्यावर वीसेक आफ्रिकी माणसे उतरवली गेली, तेव्हा व्हर्जिनियाच्या कायद्यात गुलामीची व्याख्याच नव्हती. तंबाखूच्या मळ्यांवर बहुतांश राबत होते ते ठरावीक वर्षांच्या करारावर आलेले गरीब इंग्रज. आफ्रिकी आणि इंग्रज एकाच छपराखाली झोपत, एकाच भांड्यातले खात, प्रसंगी एकत्र पळूनही जात. त्यांची प्रेमे जडत, मुले होत. राज्यकर्त्यांपुढे पहिला पेच उभा राहिला तो इथेच.

३/२५
१६३० मध्ये ह्यू डेव्हिस नावाच्या माणसाला एका आफ्रिकी व्यक्तीशी शरीरसंबंध ठेवल्याबद्दल फटक्यांची शिक्षा झाली. शिक्षा आफ्रिकी लोकांच्या आणि इतरांच्या डोळ्यांदेखत व्हावी, असा हुकूम होता. दुसऱ्या व्यक्तीचे नाव नोंदीत नाही. ती स्त्री होती की पुरुष, हेही नाही. १६४० मध्ये रॉबर्ट स्वीट या इंग्रजापासून एका आफ्रिकी स्त्रीला दिवस गेले. स्वीटने चर्चमध्ये उभे राहून प्रायश्चित्त घ्यावे आणि त्या स्त्रीला फटके मारावेत, असा निवाडा झाला. कृत्य दोघांचे होते. एकाचे पाप आत्म्याच्या खाती जमा झाले, दुसरीचे पाठीवर.

४/२५
तरीही हे सुटे निवाडे होते. सर्व आफ्रिकी स्त्रियांना सर्व इंग्रज स्त्रियांपासून वेगळे काढणारी पहिली रेघ ओढली गेली ती शयनगृहात नव्हे, करवसुलीच्या वहीत. १६४३ च्या कायद्याने ठरवले की सोळा वर्षांवरील सर्व पुरुषांवर डोईपट्टी बसेल आणि त्यांच्या जोडीला आफ्रिकी स्त्रियांवरही. इंग्रज स्त्रियांना मात्र सूट. या सुटीमागचे गृहीत असे : इंग्रज स्त्री ही गृहिणी, तिचे काम चूल, दूध-दुभते आणि मुलेबाळे, आफ्रिकी स्त्री ही शेतावरचा हात, म्हणजे करापुरता पुरुषच. स्त्रीत्व ही देहाची गोष्ट न राहता सरकारने द्यायची किंवा नाकारायची सवलत झाली.

५/२५
या वहीचा फटका नुसत्या गुलामांना नव्हे, स्वतंत्र आफ्रिकी कुटुंबांनाही बसत होता. अँथनी जॉन्सन हा एकेकाळचा बंदिवान स्वतंत्र होऊन जमीनदार झाला होता. आगीत त्याचे मोठे नुकसान झाले, तेव्हा १६५३ मध्ये नॉर्थअँप्टन काउंटीच्या न्यायालयाने त्याची पत्नी मेरी व दोन मुली यांना डोईपट्टीतून मुक्त केले. शेजारच्या इंग्रज बायकांना जन्मतःच असलेली गोष्ट मेरीला दयेचा विषय म्हणून मिळाली. १६६८ मध्ये विधिमंडळाने ही शंकाही मिटवली : आफ्रिकी स्त्री स्वतंत्र झाली तरी तिला इंग्रजांच्या सर्व सवलती मिळणार नाहीत, कर द्यावाच लागेल. जे पूर्वी कामाचे कारण होते, ते आता जन्माचे झाले.

६/२५
इंग्रज स्त्रिया शेतात राबतच नव्हत्या, असे मुळीच नाही. पुष्कळ मोलकरणी तंबाखूच्या ओळींतून वाकून काम करीत. १६५६ मध्ये वसाहतीची भलामण करणारी पुस्तिका लिहिताना जॉन हॅमंडने वाचकांना दिलासा दिला, की इथे स्त्रियांना शेतात घालत नाहीत. घरकामाला नालायक अशा ओंगळ बायकाच तिथे जातात. १६६२ मध्ये तर शेतात काम करणाऱ्या इंग्रज मोलकरणींवरही पट्टी बसवली गेली. मात्र त्यांच्या बाबतीत पट्टी कामावर होती. काम सुटले, लग्न झाले, की ती उतरत असे. आफ्रिकी स्त्रीची पट्टी कोणतेही लग्न उतरवू शकत नव्हते.

७/२५
बाईमाणसाच्या कामावरून समाजाची पायरी ठरवण्याची ही सवय इंग्रजांनी आधी मूळ रहिवाशांवर वापरली होती. चेसापीक भागातल्या जमातींत मक्याची शेती स्त्रियांकडे असे, पुरुष शिकार आणि मासेमारी करीत. इंग्लंडात शिकार ही धनिकांची करमणूक होती. त्यामुळे इंग्रज लेखकांना हे पुरुष आळशी दिसले आणि स्त्रिया त्यांच्या वेठबिगार. स्त्रियांनी कसलेली शेती त्यांच्या लेखी खरी शेतीच नव्हती, म्हणून जमीन पडीक आणि पडीक म्हणून घेण्याजोगी! आपल्या घरातली कामाची वाटणी हाच सृष्टीचा नियम, असे मानले की दुसऱ्याचे शिवार हिसकावणेही सुधारणा वाटू लागते.

८/२५
विवाहाने ही दरी सांधता आली असती का? १६१४ मध्ये जॉन रॉल्फ आणि पोकाहोंटास यांचे लग्न झाले. त्यापूर्वी रॉल्फने गव्हर्नर डेल याला लांबलचक पत्र लिहून पटवून दिले, की या इच्छेमागे देहाची वासना नसून वसाहतीचे हित आणि एका जिवाचा धर्मोद्धार आहे. इंग्रज मुलीशी लग्न करताना असा खुलासा कोणी मागितला नसता. पुढे शतकभराने, मूळ रहिवाशांशी लग्ने केली असती तर जमीन भांडणाविना मिळाली असती, अशी हळहळ मळेवाला विल्यम बर्ड याने व्यक्त केली. त्याच्याही हिशेबात वधू ही सातबारा घेऊन येणारीच होती.

९/२५
आफ्रिकी स्त्रीच्या देहाविषयी प्रवासवर्णनांनी काय रुजवले, याचा बारकाईने मागोवा इतिहासकार जेनिफर मॉर्गन यांनी घेतला आहे. रिचर्ड लिगन हा इंग्रज १६४७ मध्ये बार्बाडोसला निघाला. वाटेत केप व्हर्देच्या बेटावर भेटलेल्या एका काळ्या स्त्रीच्या रूपाने व डौलाने तो भारावून गेला. बार्बाडोसच्या उसाच्या मळ्यात पोचल्यावर मात्र, खुरपणी करणाऱ्या बायकांचे लोंबते स्तन पाहून त्याला त्या सहा पायांच्या प्राण्यासारख्या भासल्या. दोन्ही वर्णने १६५७ च्या एकाच पुस्तकात आहेत. मधल्या पानांत स्त्रीचा देह बदलला नव्हता. पाहणारा मळ्यात पोचला होता.

१०/२५
आणखी एक समज युरोपभर पसरला : आफ्रिकी बायकांना बाळंतवेणा होत नाहीत, त्या प्रसूत होतात आणि लगेच कामाला लागतात. वरवर ही ताकदीची स्तुती वाटते. पण ख्रिस्ती शिकवणुकीत बाळंतवेणा हा ईव्हला मिळालेला शाप होता. जिला वेणा नाहीत, ती ईव्हची लेक तरी कशी? मानवजातीच्या वंशवेलीवरूनच तिचे नाव असे पुसले जाई. शिवाय या समजाचा व्यावहारिक उपयोग उघड होता. जिला दुखत नाही तिला विसावा कशाला द्यायचा? ज्या देहाकडून एकाच वेळी शेतमजुरी आणि संततीही हवी होती, त्याविषयी ही दंतकथा मळेवाल्यांना फार सोयीची होती.

११/२५
या पार्श्वभूमीवर एलिझाबेथ की या तरुणीचा दावा उभा राहतो. १६३० च्या सुमारास जन्मलेल्या एलिझाबेथचे वडील थॉमस की हे इंग्रज आणि विधिमंडळाचे सदस्य. आई आफ्रिकी गुलाम. तिचे नाव कागदात सापडत नाही. थॉमसने मृत्यूपूर्वी मुलीला हंफ्री हिगिन्सन याच्याकडे नऊ वर्षांसाठी सोपवले. हिगिन्सन तिचा धर्मपिता होता. तिला पोटच्या मुलीसारखे वागवायचे आणि मुदत संपताच मोकळे करायचे, असे ठरले होते. प्रत्यक्षात ती जॉन मॉट्रम या मळेवाल्याकडे गेली आणि नवाची एकोणीस वर्षे झाली. १६५५ मध्ये मॉट्रम वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या यादीत एलिझाबेथ आणि तिचे तान्हे मूल निग्रो म्हणून चढले.

१२/२५
एलिझाबेथ न्यायालयात गेली. तिचा वकील विल्यम ग्रिनस्टेड हा स्वतः करारबद्ध नोकर म्हणून आलेला इंग्रज, आणि त्या मुलाचा बाप. दाव्याला तीन आधार होते. पहिला, इंग्रजी रूढ कायद्यानुसार मूल बापाच्या दर्जाचे. बाप स्वतंत्र, म्हणून मुलगी स्वतंत्र. दुसरा, ती बाप्तिस्मा घेतलेली ख्रिस्ती आहे. तिसरा, कराराची मुदत केव्हाच उलटली आहे. एलिझाबेथ न्यूमन या ऐंशी वर्षांच्या बाईने साक्ष दिली, की थॉमस कीला या आफ्रिकी स्त्रीपासून मूल झाल्याबद्दल न्यायालयात दंड झाला होता. एका पुरुषाचा जुना व्यभिचार त्याच्या मुलीच्या मुक्तीचा पुरावा ठरला.

१३/२५
१६५६ च्या जानेवारीत ज्यूरीने तिला स्वतंत्र ठरवले. वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. प्रकरण विधिमंडळाच्या समितीपुढे गेले आणि समितीने स्वतंत्र पुरुषापासून झालेले मूल स्वतंत्रच, असे मत देऊन ते खाली परत पाठवले. जुलै महिन्यात एलिझाबेथ मुक्त झाली. त्याच महिन्यात तिच्या आणि ग्रिनस्टेडच्या लग्नाची घोषणा झाली. एका मिश्र वंशाच्या स्त्रीने इंग्रजांचाच कायदा हाती घेऊन इंग्रज मळेवाल्यांना हरवले होते. मळेवाल्यांना त्यातला धोका कळायला वेळ लागला नाही. मूल बापाचे मानले, तर त्यांनी आपल्या गुलाम स्त्रियांच्या पोटी जन्माला घातलेली सारी मुले उद्या न्यायालयाच्या दारात उभी राहतील.

१४/२५
सहा वर्षांनी, १६६२ च्या डिसेंबरात, ते दार बंद झाले. इंग्रज पुरुषापासून आफ्रिकी स्त्रीला झालेली मुले गुलाम की स्वतंत्र, याविषयी शंका उपस्थित झाल्याचे सांगून कायद्याने ठरवले : या देशात जन्मणारे मूल आईच्या स्थितीप्रमाणे गुलाम वा स्वतंत्र राहील. घराणे, नाव, वारसा, सारे बापाकडून देणाऱ्या इंग्रजी परंपरेत ही उलटी गंगा होती. तत्त्व रोमन कायद्यातले होते, आणि इंग्लंडात ते लागू होते गुराढोरांना : गाय ज्याची, वासरू त्याचे. मराठी दफ्तरांतले ‘कुणबीण’ आणि ‘लेकावळा’ हे शब्द ज्यांच्या परिचयाचे आहेत, त्यांना दासीच्या पोटचे मूल बापाच्या नावाला का मुकते, हे फारसे समजावून सांगावे लागणार नाही.

१५/२५
आता त्याच अधिवेशनातला दुसरा कायदा. करारबद्ध इंग्रज मोलकरीण गरोदर राहिली तर तिची चाकरी वाढत असे. विधिमंडळाच्या ध्यानात आले, की काही लंपट धनी स्वतःच मोलकरणीला गर्भार करतात आणि वर वाढीव चाकरीचा लाभही उकळतात. म्हणून नियम झाला : धन्यापासून दिवस गेले असतील, तर मुदत संपल्यावर तिची दोन वर्षांची चाकरी चर्चच्या कारभाऱ्यांनी विकावी आणि पैसा परगण्याच्या कामी लावावा. स्त्रीची सुटका याही कायद्याने केली नाही. पण धन्याला आपल्या दुराचारातून नफा मिळता कामा नये, हे तत्त्व त्याने मान्य केले.

१६/२५
ज्या माणसांनी हे तत्त्व एका कायद्यात लिहिले, त्यांनीच त्याच महिन्यात दुसऱ्या कायद्यात नेमका तोच नफा आफ्रिकी स्त्रीच्या धन्याच्या पदरात टाकला, आणि तोही दोन वर्षांपुरता नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या. तेव्हा अज्ञानाचा बचाव इथे चालत नाही. धनी आणि दासी यांच्यातल्या संबंधाचा आर्थिक मोह त्यांना नीट ठाऊक होता. एकीकडे त्यांनी तो आवरला, दुसरीकडे मोकळा सोडला. पुढच्या काळातल्या मृत्युपत्रांत मळेवाले आपल्या मुलाबाळांना अमुक गुलाम स्त्री आणि ‘तिची पुढील वाढ’ देऊ लागले. अजून गर्भातही नसलेल्या बाळांची वाटणी होत होती. गुरांच्या कळपासाठी वापरला जाणारा शब्दच त्यांच्यासाठी वापरला जाई.

१७/२५
एलिझाबेथ कीच्या दाव्याचा दुसरा आधार होता बाप्तिस्मा. तोही १६६७ मध्ये काढून घेतला गेला : बाप्तिस्म्याने कोणाच्या गुलामीत फरक पडणार नाही. धर्म आणि बाप, दोन्ही वाटा बंद झाल्यावर उरला तो फक्त देह. आणि एक मोठी पळवाट अद्याप शिल्लक होती. दर्जा आईकडून जायचा, तर गोऱ्या स्त्रीच्या पोटी आफ्रिकी पुरुषापासून झालेले मूल स्वतंत्र ठरत होते. गोऱ्या पुरुषाच्या वासनेला जो नियम इतका अनुकूल होता, तोच गोऱ्या स्त्रीच्या बाबतीत राज्यकर्त्यांवर उलटत होता. त्यामुळे पुढची कित्येक दशके कायद्याची सारी करडी नजर गोऱ्या स्त्रीवर रोखली गेली.

१८/२५
शेजारच्या मेरीलंडने १६६४ मध्ये ठरवले, की जी स्वतंत्र इंग्रज स्त्री गुलामाशी लग्न करील, तिने नवरा जिवंत असेतो त्याच्या धन्याची चाकरी करावी. मुले गुलाम होतील. अशा स्त्रिया आपले स्वातंत्र्य विसरून राष्ट्राला कलंक लावतात, अशी भाषा कायद्यात होती. अनुलोम खपवून घ्यायचे आणि प्रतिलोम चिरडायचे, ही रीत अर्थात एकट्या मेरीलंडची नव्हे. परिणाम मात्र विपरीत झाला. काही धन्यांनी आपल्या गोऱ्या मोलकरणींची लग्ने गुलामांशी मुद्दाम लावून दिली, कारण तेवढ्याने बाई आणि तिची मुले हाती येत. १६८१ मध्ये कायदा बदलावा लागला : धन्याच्या चिथावणीने लग्न झाल्यास बाई व मुले मुक्त, आणि धन्याला १०,००० पौंड तंबाखूचा दंड.

१९/२५
त्याच १६८१ साली एलेनॉर बटलर, म्हणजे आयरिश नेल, हिने चार्ल्स नावाच्या गुलामाशी लग्न केले. ती खुद्द वसाहतीचे स्वामी लॉर्ड बाल्टिमोर यांची मोलकरीण. तुझी मुलेबाळे गुलाम होतील, असे त्यांनी तिला बजावल्याची आठवण शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांनी अनेक दशकांनंतर न्यायालयात सांगितली. नेल बधली नाही. तिच्या वंशजांपैकी विल्यम आणि मेरी बटलर यांनी मुक्तीचा दावा लावला. ते आधी जिंकले आणि अपिलात हरले. त्यांची मुलगी मेरी हिने पुन्हा दावा केला आणि १७८७ मध्ये ती जिंकली, कारण नेलला जुन्या कायद्याखाली रीतसर दोषी ठरवल्याची नोंद कुठेच नव्हती. एका लग्नाची किंमत शंभरहून अधिक वर्षे फेडली गेली.

२०/२५
व्हर्जिनियाने १६९१ मध्ये पळवाट बुजवली. आफ्रिकी, मिश्र वा मूळ रहिवासी व्यक्तीशी लग्न करणाऱ्या गोऱ्या स्त्री-पुरुषाला तीन महिन्यांत वसाहतीतून हद्दपार करायचे ठरले. आफ्रिकी वा मिश्र पुरुषापासून अनौरस मूल झालेल्या गोऱ्या स्त्रीला १५ पौंड दंड, नाही भरला तर पाच वर्षांची चाकरी. मूल तिशीपर्यंत बांधील. गोऱ्या पुरुषापासून मूल झालेल्या आफ्रिकी स्त्रीविषयी या कायद्याला काही म्हणायचे नव्हते; ते मूल आधीच गुलाम होते. व्हर्जिनियाच्या कायद्यात इंग्रजांसाठी ‘गोरा’ हा शब्द ठळकपणे येऊ लागतो तो याच सुमारास. ख्रिस्ती आणि इंग्रज या जुन्या ओळखी मागे पडल्या, आणि नव्या ओळखीचा पहिला उपयोग कोणी कोणाशी निजावे हे ठरवण्यासाठी झाला. या मिश्रविवाहबंदीचा धागा १९६७ च्या लव्हिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोडला.

२१/२५
१७०५ च्या संहितेने सारे सुटे धागे एकत्र विणले. मुलाटो कोण, याची व्याख्या झाली : मूळ रहिवाशाचे मूल, आणि आफ्रिकी व्यक्तीचे मूल, नातवंड वा पणतवंड. वंश म्हणजे आता कोणाच्या पोटी कोण आले याची कोष्टकवारी. मिश्र लग्नाला सहा महिने तुरुंग, ते लावणाऱ्या पाद्र्याला १०,००० पौंड तंबाखूचा दंड. गोऱ्या स्त्रीच्या मिश्र मुलाची बांधिलकी एकतीस वर्षांवर गेली. आफ्रिकी आणि मिश्र लोकांची साक्ष न्यायालयात अग्राह्य ठरली. म्हणजे धन्याने बळजबरी केली, तर ती स्त्री तसे सांगूही शकत नव्हती. तिच्यावरील बलात्कार हा कायद्याच्या लेखी गुन्हाच नव्हता.

२२/२५
जे कायद्याला दिसत नाही, त्याचे स्पष्टीकरण लोककल्पना देते. आफ्रिकी स्त्री मुळातच कामुक, म्हणून तिच्यावर अत्याचार होऊच शकत नाही. आफ्रिकी पुरुष गोऱ्या स्त्रीसाठी सदैव हपापलेला, म्हणून त्याला जरबेत ठेवायला हवे. गोरी स्त्री शालीन, म्हणून तिला राखायला हवे. १७६९ मध्ये व्हर्जिनियाने गुलामांना खच्ची करण्याची शिक्षा इतर गुन्ह्यांतून काढली, पण गोऱ्या स्त्रीवरील बलात्काराच्या प्रयत्नासाठी राखून ठेवली. या तीन प्रतिमांत चौथी व्यक्ती कुठेच दिसत नाही, तो गोरा धनी. मिश्र मुलांची संख्या वाढत असता, ज्याच्या वर्तनाचा तो ढळढळीत पुरावा होता, तोच चित्राबाहेर उभा राहून इतरांच्या वासनांची मोजदाद करीत होता.

२३/२५
१७७० मध्ये सॅम्युअल हॉवेल नावाच्या तरुणाचा दावा व्हर्जिनियाच्या वरिष्ठ न्यायालयात आला. त्याची पणजी गोरी, पणजोबा आफ्रिकी. त्यांची मुलगी १७०५ च्या कायद्याने एकतीस वर्षे बांधील. तिची मुलगी १७२३ च्या कायद्याने तशीच. आणि १७४२ मध्ये जन्मलेल्या सॅम्युअललाही त्याच साखळीत धरलेले. त्याच्या बाजूने फी न घेता उभा राहिला थॉमस जेफरसन, वय सत्तावीस. निसर्गनियमाने सर्व माणसे स्वतंत्र जन्मतात, असा युक्तिवाद त्याने केला. आणि तिसऱ्या पिढीलाही बांधायचे असेल तर तेवढे दुष्ट विधिमंडळ अजून जन्मायचे आहे, असेही सुचवले. प्रतिपक्षाचा वकील बोलण्यापूर्वीच न्यायालयाने निकाल दिला. हॉवेल हरला.

२४/२५
सासरा जॉन वेल्स १७७३ मध्ये वारल्यावर जेफरसनकडे वारशाने एलिझाबेथ हेमिंग्ज आणि तिची मुले आली. त्यांतली धाकटी सॅली ही वेल्सचीच मुलगी, म्हणजे जेफरसनच्या पत्नीची सावत्र बहीण. १६६२ च्या नियमाने एक वारसदार, दुसरी वारशातली वस्तू. पुढे सॅलीला जेफरसनपासून मुले झाली, हे आता बहुतेक इतिहासकार मानतात. १८१५ मध्ये एका पत्रात जेफरसनने बीजगणिताची अक्षरे मांडून हिशेब केला, की तीन पिढ्या गोऱ्यांशी संकर झाला की संतती कायद्याने गोरी ठरते. मात्र आई गुलाम असेल तर ते गोरे मूलही गुलामच राहते, हेही त्याने नोंदवले. हिशेबात कोणाचे नाव नव्हते. अशी माणसे त्याच्या घरात ताटे मांडत होती.

२५/२५
सॅलीचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने १८७३ मध्ये ओहायोतल्या एका वृत्तपत्राला आपल्या घराण्याची हकीकत सांगितली. त्याच्या पणजोबाने, एका इंग्रज कप्तानाने, आपली आफ्रिकी स्त्रीपासून झालेली मुलगी विकत घेऊ पाहिली. पण हे मिश्र मूल कसे निपजते याचे धन्याला कुतूहल, म्हणून त्याने ती विकली नाही. पॅरिसमध्ये, जिथे ती स्वतंत्र राहू शकली असती, सोळा-सतरा वर्षांच्या गरोदर सॅलीने परतण्यास नकार दिला, आणि होणारी मुले एकविसाव्या वर्षी मुक्त करीन हे वचन घेऊनच ती निघाली. त्याच १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करून गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना ती अर्पण केली. मॅडिसनच्या हकिकतीत मुक्तीचा आरंभ मात्र युद्धाच्याही आधीचा आहे. ज्या कुशीवर सव्वाशे वर्षांपूर्वी कायदा लिहिला गेला होता, तिच्याच बळावर एका मुलीने सौदा केला, आणि तो पाळला गेला. सॅलीची हयात राहिलेली चारही मुले मोकळी झाली.